आयसीयूत रक्त न गोठणारा पेशंट: आधी काय, नंतर काय आणि काय अजिबात नाही

हा लेख आयसीयूत नव्यानं लागलेल्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी आहे. रक्त गोठत नाही असा पेशंट आला की सगळ्यांना 'प्लेटलेट चढवा, एफएफपी (फ्रोझन प्लाझ्मा, रक्ताचा गोठवून ठेवलेला द्रव भाग) चढवा' एवढंच आठवतं. पण ती ऑर्डर डॉक्टरांची असते, आपल्या हातात असतं ते वेगळंच, आणि क्रम चुकतो तो तिथेच. सॅम्पल चुकीचं गेलं की रिपोर्ट चुकीचा येतो, त्या रिपोर्टवर चार बॅगा चढतात, तोवर कोणीतरी दुखतंय म्हणून कमरेत डायक्लो (डायक्लोफिनॅक, दुखण्याचं इंजेक्शन) टोचलेलं असतं आणि सकाळी तिथे हाताएवढी निळी गाठ. या पेशंटचं बरंचसं ब्लीडिंग आजारानं होतं, पण थोडं आपल्या हातानंही होतं, आणि ते थोडं पूर्ण टाळता येतं.

सेप्सिसमधला (अंगभर पसरलेल्या इन्फेक्शनमधला) डीआयसी (बारीक गुठळ्यांत गोठवणारे घटक संपून रक्त येत राहणं), लिव्हर फेल्युअर, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), घोणस किंवा फुरसं चावलेला, डिलिव्हरीनंतर रक्त थांबत नाही अशी बाई, वॉर्फरिन (रक्त पातळ करायची गोळी) जास्त झालेले आजोबा, हे सगळे इथे येतात. कारणं वेगळी असली तरी नर्सिंगचा सांगाडा बराचसा एकच आहे. सगळं मोठ्या माणसांच्या पेशंटबद्दल आहे, आणि डोस तुमच्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलप्रमाणे, डॉक्टरांच्या ऑर्डरनेच.

१) पेशंट बेडवर यायच्या आधी

कॅज्युअल्टीतून फोन आला की 'कशामुळे' हा प्रश्न आधी विचारा. ब्लड थिनर चालू होतं का, कुठलं, शेवटचा डोस कधी, आणि त्यांनी खाली किती ठिकाणी टोचलंय. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, मग वर आल्यावर चादर काढली की मांडीतल्या एबीजीच्या (आर्टरीतून घेतलेल्या रक्ताच्या तपासणीच्या) जागेवरून रक्त गादीपर्यंत गेलेलं दिसतं.

बेडजवळ तयार ठेवायचं: भरपूर गॉझ, पारदर्शक ड्रेसिंग, मऊ स्पंज स्वॅब, बेडच्या रेलिंगना पॅडिंग, ब्लँकेट किंवा वॉर्मर, ब्लड वॉर्मर असेल तर तो, ब्लड सेट निदान दोन, निळ्या झाकणाच्या ट्यूब (एक्सपायरी बघून, जुन्या ट्यूबचा व्हॅक्यूम गेलेला असतो आणि रक्त रेषेपर्यंत चढतच नाही). साप चावलेला असेल तर कोरडी काचेची टेस्ट ट्यूब.

हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) व्हायल या बेडच्या ट्रॉलीवरून उचलून बाजूला ठेवा. आपल्याकडे ५ मिलीची व्हायल दोन ताकदीत मिळते, एकीत मिलीला १००० युनिट आणि दुसरीत मिलीला ५०००. दिसायला बहिणी-बहिणी. गर्दीच्या वेळी हात चुकायला एक सेकंद पुरतो.

२) पहिली पंधरा मिनिटं: हात लावायच्या आधी डोळे

मॉनिटर लावा, एअरवे-ब्रीदिंग-सर्क्युलेशन बघा, ते नेहमीचंच. त्यानंतर सुई हातात घ्यायच्या आधी पूर्ण अंग एकदा बघून घ्यायचं, कारण आत्ता जे दिसेल ती तुमची बेसलाइन आणि दोन तासांनी 'हे आधीपासून होतं का' या प्रश्नाला उत्तर तुमच्याकडेच हवं.

वरून खाली या. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल डाग, नाक, हिरड्या, जिभेखाली. प्रत्येक कॅन्युलाची जागा, जुन्या टोचलेल्या जागा. पोट फुगलंय का. लघवीचा रंग. शी काळी, डांबरासारखी चिकट आहे का. पाठ बघायची राहते, म्हणून लॉगरोल करताना पाठ आणि कंबर मुद्दाम बघा. हातापायाची बोटं थंड, निळी आहेत का तेही लिहा, का ते नवव्या टप्प्यात येईल.

जिथे निळा डाग किंवा सूज असेल तिथे कडेनं पेननं रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. 'वाढलंय असं वाटतंय' म्हणण्यापेक्षा 'तीन तासांत रेघेच्या दोन बोटं बाहेर गेलंय' म्हटलं की आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) लगेच उठतो.

चेक: जीसीएस (शुद्धीचा स्कोअर) आणि प्युपिल (डोळ्यांच्या बाहुल्या) लिहिले का? नसतील लिहिले तर पुढे जाऊ नका. डोक्यात रक्तस्राव झाला तर तुलना कशाशी करणार?

३) सॅम्पल: इथे सगळ्यात जास्त चुकतं

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) असतं आणि रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग हे प्रमाण जमलं तरच पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या टेस्ट) खरे येतात. ट्यूब अर्धी भरली की सायट्रेट जास्त पडतं आणि नॉर्मल माणसाचाही एपीटीटी लांबलेला दिसतो. म्हणजे रेषेपर्यंत भरली तरच पाठवायची, नाहीतर दुसरी घ्यायची. दोन अर्धवट ट्यूबमधलं रक्त एकत्र करून एक भरायची, हा जुगाड अजिबात नको, त्यात सायट्रेट दुप्पट होतं.

क्रम असा ठेवा:

क) ब्लड कल्चर घ्यायचं असेल तर ते आधी, मग निळी ट्यूब, मग बाकीच्या, जांभळी त्यांच्यानंतर. जांभळ्यातलं ईडीटीए (तेही रक्त गोठू न देणारं रसायन) निळ्यात गेलं तर रिपोर्ट बिघडतो.

ख) बटरफ्लायनं घेताय तर नळीतली हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते आणि ती कमी भरते. म्हणून निळीच पहिली असेल तर आधी एक फालतू निळी ट्यूब थोडी भरून टाकून द्या.

ग) टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एका मिनिटाच्या आत सोडा. मूठ उघड-मीट करायला लावू नका.

घ) ट्यूब हळूच तीन-चार वेळा उलटी-सुलटी करा. गदागदा हलवली की पेशी फुटतात, हलवलीच नाही की बारीक गुठळी होते, दोन्हीकडून सॅम्पल रिजेक्ट.

ङ) लाइनमधून घ्यायचं असेल तर ज्या लाइनमधून हेपरिन गेलंय किंवा जिला हेपरिनचं फ्लश लावलंय ती शक्यतो सोडाच. दुसरा पर्यायच नसेल तर इन्फ्युजन थांबवा, सलाइननं फ्लश करा, पहिलं ५ ते १० मिली बाजूला काढा आणि फॉर्मवर 'लाइनमधून' असं लिहा. डायलिसिस कॅथेटरच्या टोकात हेपरिन लॉक असतो, तिथून कोअ‍ॅग्युलेशनचं सॅम्पल घेऊच नका.

च) हेपरिन ड्रिप चालू असेल तर दुसऱ्या हातातून घ्या, आणि रेट बदलल्यापासून सहा तासांनी. हे सॅम्पल तासाभरात लॅबला पोचलं पाहिजे. बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, रूम टेम्परेचरलाच. रात्री वॉर्डबॉय मामा दोन वॉर्ड फिरून मग लॅबला जातात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा या ट्यूबसाठी वेगळं सांगा.

प्लेटलेट अचानक १२ हजार आल्या, पण पेशंटच्या अंगावर एक डाग नाही, सकाळी दीड लाख होत्या? घाबरून बॅग मागवायच्या आधी डॉक्टरांना सांगून स्मिअर (काचपट्टीवरचं रक्त, मायक्रोस्कोपखाली) बघायला लावा. कधीकधी ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन कमी मोजतं, सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत घेतलं की खरा आकडा येतो.

साप चावलेल्याची २० मिनिटांची टेस्ट

कोकणात फुरसं, बाकी महाराष्ट्रात घोणस जास्त, दोन्हींच्या विषानं रक्त गोठणं बंद पडतं. ही टेस्ट दिसायला सोपी आहे म्हणून सगळे निष्काळजीपणे करतात. २ मिली ताजं रक्त, नवी, स्वच्छ, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब, उभी ठेवायची, २० मिनिटं कोणी हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठलं नाही.

कुठे चुकतं? प्लास्टिकची ट्यूब वापरली तर रक्त गोठायची प्रक्रिया नीट सुरूच होत नाही. साबणानं धुतलेली ट्यूब वापरली तरी तेच. आणि मधेच 'बघू झालं का' म्हणून दर दोन मिनिटांनी हलवणारे तर प्रत्येक वॉर्डात असतात. शंका आली तर नवी ट्यूब घ्या आणि सोबत एखाद्या धडधाकट नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये लावा, त्याचंही गोठलं नाही तर दोष तुमच्या ट्यूबचा.

एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध) दिल्यावर ही टेस्ट सहा तासांनी परत करतात, कारण विष निष्प्रभ झालं तरी लिव्हरला रक्त गोठवणारे घटक परत बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. तासाभरानं टेस्ट करून 'औषध लागूच पडलं नाही' असं नातेवाइकांना सांगत बसू नका. विष रक्तात फिरतंय तोवर नुसतं एफएफपी घालून काही टिकत नाही, एएसव्ही आधी. पावडरच्या व्हायलमध्ये पाणी घालून अलगद फिरवा, फेस येईपर्यंत हलवू नका, आणि अ‍ॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवल्याशिवाय एएसव्ही सुरू करू नका.

४) औषधांचा चार्ट परत वाचा

सॅम्पल गेलं, रिपोर्ट यायला वेळ आहे, हा वेळ चार्टसाठी. कॅज्युअल्टीची ऑर्डर, आधीच्या हॉस्पिटलची ऑर्डर आणि आपली ऑर्डर, तिन्ही एकावर एक ठेवून वाचा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, एनॉक्झापॅरिन, हेपरिन, डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक, आयबुप्रोफेन, यातलं काही चालू असेल तर पुढचा डोस द्यायच्या आधी विचारायचं. एसओएसच्या (गरज पडली तरच द्यायच्या औषधांच्या) रकान्यात डायक्लो लपलेलं असतं, ते विशेष बघा. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, लिव्हर खराब असेल तर डोस विचारून.

मग लपलेलं हेपरिन शोधा. आर्टरियल लाइनच्या प्रेशर बॅगेत साधं सलाइनच आहे ना? कॅन्युला फ्लश करायला कोणी हेपरिन वापरतंय का? हेपरिन सुरू झाल्यापासून पाच ते दहा दिवसांत प्लेटलेट निम्म्यावर आल्या तर हेपरिनमुळेच हे होतंय का अशी शंका येते, आणि तशी शंका डॉक्टरांनी लिहिली की फ्लशसकट सगळं हेपरिन बंद, एक थेंबसुद्धा नाही. बेडवर मोठ्या अक्षरात लिहून लावा.

व्हिटॅमिन के शिरेतून द्यायचं असेल तर पातळ करून, हळू, इन्फ्युजननं. भसकन दिलं तर अ‍ॅलर्जिक शॉकसारखी रिअ‍ॅक्शन येऊ शकते.

५) टोचणं, दाबणं, काढणं

आयएम (स्नायूत टोचायचं) इंजेक्शन नाही. हा नियम इतका पक्का की अपवाद एकच लक्षात ठेवा, अ‍ॅनाफायलॅक्सिस (जीवघेणी अॅलर्जी) झाला तर मांडीत अ‍ॅड्रिनलिन. तिथे रक्ताच्या गाठीचा विचार करत बसायचं नाही, ते द्यायचंच.

दिवसभरातले सगळे सॅम्पल एकदाच टोचून घ्या. सकाळी सहाला सीबीसी, साडेसातला इलेक्ट्रोलाइट, नऊला कल्चर, असं तीन वेगळ्या डॉक्टरांच्या तीन ऑर्डरवर तीनदा टोचत बसू नका, राउंडच्या आधी विचारा की अजून काय हवंय. लहान मुलांच्या ट्यूब मिळत असतील तर त्यांनी रक्तही कमी जातं.

टोचल्यावर दाबायचं, आणि इथे माझा सगळ्यात मोठा राग आहे तो दर तीस सेकंदांनी गॉझ उचलून बघण्यावर. तुम्ही बघता तेव्हा नुकती धरलेली गुठळी गॉझबरोबर उचलली जाते आणि घड्याळ परत शून्यावर. शिरेची जागा निदान ५ मिनिटं, आर्टरीची निदान १०, सलग, घड्याळ बघून, न उचलता. हात कोपरात दुमडून ठेवायचा नाही, सरळ ठेवून बोटांनी दाबायचं. त्यानंतर कापसाचा जाड बोळा आणि त्यावर चिकटपट्टीचे चार वळसे, असं पॅकिंग करू नका, खाली काय चाललंय ते दिसतच नाही. पातळ गॉझ, पारदर्शक ड्रेसिंग, आणि पहिला तास दर १५ मिनिटांनी नजर.

चिकटपट्टी ओढून काढली की कातडी सोलते आणि तिथून रात्रभर झिरपतं. कड ओली करा, कातडी दुसऱ्या हातानं दाबून धरा, पट्टी स्वतःवरच दुमडत हळूहळू काढा.

सावधान: सेंट्रल लाइन, डायलिसिस कॅथेटर, आर्टरियल शीथ, इंटरकॉस्टल ड्रेन, यातलं काहीही 'आज काढायचं होतं' म्हणून काढायचं नाही. आधी आजचा आयएनआर (पीटीवरून काढलेला आकडा), आजच्या प्लेटलेट, मग डॉक्टरांना विचारून. नवीन सेंट्रल लाइन घालायची असेल तर सोनोग्राफीवर बघून आणि जिथे दाबता येतं अशा जागी, कॉलरबोनखाली आतून रक्त आलं तर बाहेरून दाबता येत नाही.

बीपीचा कफही लक्षात ठेवा. मॉनिटरवर दर ५ मिनिटांचं सेटिंग कोणीतरी शॉकमध्ये असताना ठेवतं आणि पेशंट स्थिर झाल्यावर ते बदलायला विसरतं, दंडावर लाल ठिपक्यांचा पट्टा येतो. वेळ वाढवा, हात बदला.

६) तोंड, नाक, सक्शन, अंघोळ

तोंडाची काळजी सोडून द्यायची नाही, रक्त येईल या भीतीनं तोंड तसंच ठेवलं की इन्फेक्शन होतं आणि मग जास्त रक्त येतं. ब्रश नको, मऊ स्पंज. हिरडीवर धरलेली गुठळी ओरबाडून 'स्वच्छ' करायची नाही, ती श्वासनलिकेत पडेल अशी लोंबत असेल तरच डॉक्टरांना बोलवून काढायची. झिरपत असेल तर ट्रॅनेक्झॅमिकमध्ये (गुठळी विरघळू न देणारं औषध) भिजवलेला गॉझ दाबून धरायची ऑर्डर मिळते, विचारा. श्वासाच्या ट्यूबची टाय ओठाच्या कोपऱ्यात घासते, ट्यूबची जागा बदलत राहा.

सक्शन वेळापत्रकाप्रमाणे नाही, गरजेप्रमाणे. प्रेशर ८० ते १२० मिमी एचजी, १५० च्या वर कधीच नाही, एका वेळी १० ते १५ सेकंद, आणि कॅथेटर आत टोचत नेऊन अडेपर्यंत ढकलायचा नाही. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) लागतच असेल तर बारीक, भरपूर जेली लावून, आणि नाकातून रक्त येत असेल किंवा पेशंट इंट्युबेटेड असेल तर तोंडातून घालायचं का ते विचारा. एकदा गेलेली ट्यूब उगाच बदलू नका.

गुदद्वारातून काही नाही: थर्मामीटर नाही, सपोझिटरी नाही, एनिमा नाही. पण शी कडक होऊ द्यायची नाही, जोर करून पेशंट स्वतःच रक्त काढेल, म्हणून स्टूल सॉफ्टनर मागून घ्या.

दाढी ब्लेडनं नाही, ट्रिमरनं. कूस दर दोन तासांनी, दोघांनी मिळून, ड्रॉ-शीटवर उचलून. दंडाला धरून ओढलं की तिथे बोटांचे ठसे उमटतात, अक्षरशः पाच.

७) गरम ठेवा, कॅल्शियम बघा

हा टप्पा लहान आहे पण बॅगा चढवायच्या आधी करायचा. शरीर थंड पडलं की गोठण्याची प्रक्रिया मंदावते, अ‍ॅसिडोसिसनंही तेच, मग बॅगा घातल्या तरी फायदा निम्मा. टेम्परेचर ३६ च्या वर ठेवा: ब्लँकेट, वॉर्मर, गरम केलेलं सलाइन, ओले कपडे लगेच बदलणं, एसी थोडा कमी. लॅब रिपोर्ट फसवतो तोही इथेच, कारण लॅब सॅम्पल ३७ अंशांवर तपासते आणि पेशंट बेडवर ३४ अंशांवर असतो.

एबीजीत आयोनाइज्ड कॅल्शियम बघायची सवय लावा. बॅगांमधलं सायट्रेट कॅल्शियम बांधून टाकतं, १.१ (मिलिमोल/लिटर) च्या खाली गेलं तर कळवा. कॅल्शियम ग्लुकोनेट हळू द्यायचं आणि ज्या लाइनमधून रक्त चालू आहे त्या लाइनमधून कधीच नाही, नळीतच गुठळ्या होतील.

८) ब्लड प्रॉडक्ट चढवणं

आधी हे मनात पक्कं करा की आकडा बघून बॅग चढवत नाहीत, पेशंट बघून चढवतात. रक्त येत नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली प्लेटलेट गेल्यावर देतात, रक्त येत असेल किंवा प्रोसिजर असेल तर ५० हजारांपर्यंत, डोक्यातलं ब्लीडिंग असेल तर १ लाखापर्यंत आणायचा प्रयत्न असतो. डेंग्यूत २० हजार ऐकलं की नातेवाईक रात्री दोनला डोनर शोधत पळतात, पण ताप उतरतानाच्या त्या एक-दोन दिवसांत खरं लक्ष हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), नाडी, बीपी आणि लघवीवर हवं. हिमॅटोक्रिट वाढत चाललं तर प्लाझ्मा गळतोय. ते खाली आलं पण नाडी धावतेय आणि बीपी सुधारत नाही, तर आत कुठेतरी ब्लीडिंग आहे, लगेच सांगा.

आता बॅग आल्यावर.

क) मागवायच्या आधी लाइन चालू आहे का बघा, कन्सेंट आहे का बघा. बॅग येऊन पडली आणि मग कॅन्युला शोधताय, हे रोज होतं.

ख) दोघांनी बेडजवळ उभं राहून तपासायचं: नाव, आयपीडी नंबर, ग्रुप, बॅग नंबर, एक्सपायरी, आणि बॅग प्रत्यक्ष डोळ्यांनी, गुठळी, फेस, रंग. नर्सिंग स्टेशनवर बसून एकीनं वाचलं आणि दुसरीनं 'हं हं' म्हटलं याला चेक म्हणत नाहीत. पेशंट शुद्धीवर असेल तर नाव त्यालाच विचारा. 'तुमचं नाव पाटील ना?' असं विचारलं तर ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो.

ग) प्लाझ्माचा ग्रुप उलटा चालतो. पॅक सेलला (लाल पेशींच्या बॅगेला) ओ सगळ्यांना चालतं म्हणून ओ चं एफएफपीही कोणालाही चालेल असं नाही, प्लाझ्मात सगळ्यांना चालणारा ग्रुप एबी आहे.

घ) साठवण:
पॅक सेल फ्रिजमधून आल्यावर ३० मिनिटांत सुरू, ४ तासांत संपवा. ३० मिनिटांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर परत फ्रिजमध्ये ठेवायची नाही आणि वॉर्डच्या औषधांच्या फ्रिजमध्ये तर कधीच नाही.
प्लेटलेट फ्रिजमध्ये ठेवायच्याच नाहीत. त्या २० ते २४ अंशांवर, हलत्या मशीनवर असतात, आल्या की लगेच लावा.
एफएफपी आणि क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन या गुठळी बनवणाऱ्या प्रथिनाचा भाग) ब्लड बँकेनं वितळवून दिलेलं असतं, तेही ठेवून द्यायचं नाही. परत गोठवता येत नाही.

ङ) गरम पाण्याच्या भांड्यात बॅग बुडवणं, काखेत धरणं, हीटरजवळ ठेवणं, सगळं बंद. ब्लड वॉर्मर नसेल आणि रेट साधा असेल तर तसंच चढवा.

च) फिल्टरवाला ब्लड सेटच. साधा आयव्ही सेट नाही. प्लेटलेटसाठी नवा सेट, ज्यातून पॅक सेल गेलीय त्या सेटमध्ये प्लेटलेट अडकून बसतात. सोबत फक्त नॉर्मल सलाइन. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, डेक्स्ट्रोजमध्ये पेशी फुटतात, आणि बॅगेत कुठलंही औषध टाकायचं नाही.

छ) आधी व्हायटल, मग हळू सुरू, पहिली १५ मिनिटं बेड सोडायचा नाही. १५ मिनिटांनी परत व्हायटल, मग रेट वाढवा.

थंडी, ताप, कंबरदुखी, लघवी लाल, श्वास लागणं, अंगावर गांधी, बीपी पडणं, यातलं काही दिसलं तर आधी बंद, मग फोन. सेट काढून नव्या सेटनं सलाइन चालू ठेवा, नाव आणि बॅग परत ताडून बघा, बॅग सेटसकट ब्लड बँकेत, नवं रक्ताचं सॅम्पल आणि लघवी पाठवा. व्हेंटिलेटरवरच्या झोपवलेल्या पेशंटला थंडी वाजतेय हे तो सांगणार नाही, तिथे टेम्परेचर, बीपी आणि लघवीचा रंगच बोलतात.

एफएफपी १० ते १५ मिली किलोमागे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिली. म्हातारं हृदय असेल तर एवढ्यानं फुप्फुसं भरतात. बॅग संपल्यावर सहा तास श्वास आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवा, बॅग संपली म्हणून विषय संपला असं नाही.

चेक: शेवटच्या बॅगनंतर परत कोणतं सॅम्पल, किती वाजता, हे चार्टवर आहे का?

९) रक्तही येतं आणि गुठळ्याही होतात

डीआयसीत बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत राहतात आणि त्यातच गोठवणारा सगळा माल संपून जातो, म्हणून पेशंट एकीकडून गळतो आणि दुसरीकडे बोटं काळी पडतात. हातापायाची बोटं, नाकाचा शेंडा, कान दर शिफ्टला बघा, नॉरअ‍ॅड (बीपी वाढवायचं औषध) चालू असेल तर जास्तच. निळ्या बोटांना चोळायचं नाही, गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, सॅच्युरेशनचा प्रोब एकाच बोटावर दिवसभर ठेवायचा नाही. लघवी तासाला अर्धा मिली किलोमागे याच्या खाली गेली तर किडनीचा विचार करून कळवा.

लिव्हरच्या पेशंटचा आयएनआर वाढलाय म्हणजे त्याला पायात गुठळी होणारच नाही, हा गैरसमज भल्याभल्यांना असतो. होते. हेपरिन बंद असेल तर पायाला हवेनं दाबणारे स्लीव्ह लावायचे का ते विचारा, आणि हेपरिन परत कधी हा प्रश्न रोज राउंडला मांडा, कारण बंद करायला सगळ्यांना आठवतं, सुरू करायला कोणाला आठवत नाही.

१०) अचानक बिघडलं तर

डोकं: नवीन डोकेदुखी, उलटी, जीसीएस दोननं उतरला, एक प्युपिल मोठा, बीपी वर आणि नाडी खाली. सेडेटेड पेशंटमध्ये प्युपिल दर तासाला, हाच एक सुगावा.

पोटामागे: बाहेर काही दिसत नाही, पण कंबर किंवा जांघ दुखते, पाय सरळ करवत नाही, नाडी वाढत चाललीय, हिमोग्लोबिन उतरतंय. हेपरिनवरच्या पेशंटनं 'मांडी भरून आलीय' म्हटलं तर बाम लावून सोडू नका.

उघड मोठं ब्लीडिंग: दाबा, हाक मारा, दोन जाड कॅन्युला, ब्लड बँकेला स्वतः फोन, क्रॉसमॅचचं सॅम्पल, ऑक्सिजन. भिजलेले पॅड फेकू नका, वजन करा, कोरड्या पॅडचं वजन वजा केलं की १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. 'खूप गेलं' या शब्दावर कोणी निर्णय घेऊ शकत नाही, '४५० गेलं' यावर घेतात. डिलिव्हरीच्या पेशंटला गर्भाशय मऊ आहे का हातानं बघत राहा. ट्रॅनेक्झॅमिकची ऑर्डर असेल तर १ ग्रॅम १० मिनिटांत, भसकन दिलं की बीपी पडतं. ट्रॉमात आणि डिलिव्हरीनंतरच्या ब्लीडिंगमध्ये ते पहिल्या ३ तासांतच उपयोगी, म्हणून वेळ लिहा. डीआयसीत ते आपल्या मनानं सुचवू नका, गुठळ्या वाढायचा धोका असतो.

११) हँडओव्हर आणि नातेवाईक

हँडओव्हर बेडजवळ, चादर काढून. पेननं मारलेल्या रेघा दोघींनी बघायच्या, टोचलेल्या जागा बोटानं दाखवायच्या. तोंडी एवढं सांगायचं: शेवटचे आयएनआर, प्लेटलेट, फायब्रिनोजेन आणि किती वाजताचे, आज कुठल्या किती बॅगा, रिअ‍ॅक्शन आली का, कुठून झिरपतंय, कोणती औषधं थांबवलीत, पुढचं सॅम्पल कधी. जीसीएस दोघींनी मिळून काढायचा, तुमचा ११ आणि तिचा ९ असेल तर ते आत्ताच कळू दे.

नातेवाइकांना एकच माणूस, एकच वेळ. काय बोलू नये ते जास्त महत्त्वाचं: 'प्लेटलेट वाढल्या, आता धोका नाही' असं सिस्टरनं म्हणायचं नाही, आकड्याचा अर्थ डॉक्टर सांगतील. त्यांना कामाच्या गोष्टी सांगा, की भेटायला आलात तर हात-पाय चेपू नका, अंगाला तेल चोळू नका, झाडपाल्याचं काही नाकातोंडात घालू नका, घरची औषधं, पुड्या, गोळ्या, जे काही चालू होतं ते पाकिटासकट आणून दाखवा. त्या पिशवीत वॉर्फरिनची पट्टी किंवा सांधेदुखीच्या गोळ्या निघतात आणि दोन दिवस न सुटलेलं कोडं तिथेच सुटतं.